पाटीवरचा तो ‘एल’

मागच्या भागानंतर एकीने विचारलं, "डॉक्टर, स्किनचं शिकायला एवढी वर्षं कशाला? पिंपल्स तर पार्लरवालीही घालवते." हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे.

तर हिशोब ऐका. साडेचार वर्षं एमबीबीएस, 1 वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी, आणि स्किनची सीट हवी तर रँक वरचाच लागतो. पुढे 3 वर्षं एमडी, किंवा 2 वर्षांचा डिप्लोमा. पाटीवर एमडीच्या पुढे ‘डीव्हीएल’ दिसेल. डी म्हणजे त्वचा, व्ही म्हणजे गुप्तरोग, एल म्हणजे लेप्रसी, आपला कुष्ठरोग. खरं सांगू? अ‍ॅडमिशन घेताना मला फक्त ‘डी’ दिसत होता.

रेसिडेन्सीत लेझर कमी, ओपीडीच जास्त. खरूज, नायटा, सोरायसिस. आणि एक कॉलेजचा मुलगा. हातावर फिकट चट्टा. कुणा ‘स्किन एक्स्पर्ट’ने 6 महिने क्रीम लावायला दिलेलं. आमच्या मॅडमनी कापसाची वात केली. म्हणाल्या, "डोळे मीट. स्पर्श कळला की तिथे बोट ठेव." वात चट्ट्यावरून फिरली, मुलगा ढिम्म! मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली. दोरीसारखी जाड. करंगळी वाकायला लागली होती, ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

कुष्ठरोग बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण नस एकदा खराब झाली की ती किती सुधारेल, याची हमी नसते. मुलाने पहिलं विचारलं, "घरी सांगावं लागेल?" बाहेर ही रांग होती, तरी मॅडम त्याच्याशी बोलत बसल्या. कारण सांगावं लागतंच, घरच्यांचीही तपासणी करायची असते.

ते क्रीम स्टिरॉइडचं होतं. 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ‘गोरं करणारी ट्यूब’ म्हणून ती मिळतातच, काय बोलणार!

आणि हो, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलं म्हणजे एमडी असतंच असं नाही. चिठ्ठीवरची डिग्री वाचा, मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघा. विचारायला लाजू नका, मला विचारलं तर मी चिडत नाही.

पुढच्या भागात नायट्यावर बोलू. घरात कुठली ट्यूब पडली असेल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं तेवढी वाचून ठेवा.