खुर्ची अंगाला बसायला हवी



हिंगोलीतलं कुठलंही कार्यालय डोळ्यांपुढे आणा.
खुर्च्या सगळ्या एकाच मापाच्या.
बसणारी माणसं मात्र वेगवेगळ्या मापांची.
ठेंगण्या ताईंचे पाय लोंबकळतात.
उंच भाऊसाहेबांचे गुडघे वर येतात.

मग खुर्ची कुणाच्या मापाची करायची?
सरासरी माणसाच्या?
नाही.
सरासरी धरली, की दोन्हीकडची माणसं अवघडतात.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं.
अशी मापं खुर्ची करताना कामी येतात.

खुर्चीच्या बैठकीची पुढून मागपर्यंतची लांबी ठरवायची ठेंगण्या माणसावरून.
रुंदी ठरवायची अंगानं भरलेल्या माणसावरून.
आणि उंची?
ती कमी-जास्त करता यायला हवी.

आता तुमची खुर्ची तपासा.
पाठ टेकवून बसा.
पाऊल जमिनीवर पूर्ण टेकतं का?
गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरते का?
खांदे न उचलता कोपर टेबलाच्या उंचीला येतं का?

पाय टेकत नसतील, तर खाली लाकडी पाट ठेवा.
पाठीला आधार नसेल, तर छोटी उशी घ्या.
आणि अधूनमधून उठून चार पावलं चाला.

लक्षात ठेवा,
आपण खुर्चीच्या मापात बसायचं नाही;
खुर्ची आपल्या अंगाला बसायला हवी.