पुसलेल्या फिती आणि उरलेल्या आठवणी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हापासून ह्या व्यासपीठावर वक्त्याने एखादा भारदस्त विषय घ्यावा असा संकेत पडून गेला आहे. त्या संकेताला सोडून आम्ही आज दूरदर्शनवरील एका विनोदी मालिकेविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण मालिकेच्या निमित्ताने जो प्रश्न पुढे येतो तो हलका नाही आणि तो आपल्या तालुक्यातील पुष्कळ घरांच्या कपाटात आज पडून आहे. तेव्हा थोडा धीर धरून ऐकावे अशी विनंती आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका मुंबई केंद्राने सादर केली. निर्मिती याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांची. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले होते बाळ कर्वे. आम्ही त्या वेळी पुण्यात शिकत होतो. वाड्याच्या मालकांकडे संच होता आणि मालिकेच्या दिवशी त्यांचे दिवाणखान्याचे दार कोणालाच बंद नसे. बायका आत सतरंजीवर, पोरे पुढे, आणि आमच्यासारखे विद्यार्थी उंबरठ्याशी उभे, अशी बैठक जमे. चित्र काळेपांढरे होते. मधूनच त्यावर पाऊस पडू लागे. पण कोणी जागचे हलत नसे.

त्या मालिकेचे वेड काय होते हे आज सांगून पटणे कठीण आहे. प्रभावळकरांचा चिमणराव बोलण्यापूर्वीच हसवीत असे. वाक्य ओठांवर यावे, बायकोच्या नुसत्या पाहण्याने ते परत आत जावे, आणि मग भलतेच काही तोंडातून निघावे, ही त्यांची अडखळ अशी काही नेमकी असे की वाड्यातल्या प्रत्येकाला आपल्या ओळखीचा एखादा कारकून आठवे. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दारातून आत येई तो खोली लहान झाल्यासारखी वाटे. एकाचा भित्रा शहाणपणा आणि दुसऱ्याचा धीट अडाणीपणा ह्यांची ती जोडी होती. चिं. विं.नी ती कागदावर उभी केली होती. १९४० साली 'लग्न पहावं करून' ह्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती पडद्यावर आणली होती. पण आमच्या पिढीला चिमणराव म्हटले की प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हटले की कर्वेच दिसतात.

आता औशाकडे येऊ. त्या काळी लातूर हा जिल्हाच नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. आपण उस्मानाबादेत होतो आणि दूरदर्शनचे चित्र आपल्याकडे पोहोचत नव्हते. तरीही चिमणराव औशाला आला! तो कसा आला ते सांगतो. सुट्टीत आम्ही पुण्याहून परतलो की रात्री जेवणे उरकल्यावर ओट्यावर मंडळी जमत आणि म्हणत, "हं, सांग बघू, काय झालं पुढं चिमणरावाचं?" मग आम्ही दोघे-तिघे मिळून अख्खा भाग उभा करीत असू. एकाने टोपी डोळ्यांवर ओढायची, दुसऱ्याने छाती फुगवायची. संच न पाहिलेली माणसे संवादासकट हसत. आमच्या चुलत्यांनी ती मालिका एकदाही पाहिली नाही. पण गुंड्याभाऊच्या चालीची नक्कल ते आमच्याहून सरस करीत.

पुढे १९८० नंतरच्या दशकात लघुप्रक्षेपण केंद्रे आली, घरोघर संच आले, रंगही आला. आता जुने भाग पुन्हा दाखवतील, मग चुलत्यांना खरा गुंड्याभाऊ दाखवू, असे आम्ही म्हणत राहिलो. पण दाखवायला ते भाग उरलेलेच नव्हते. मालिकेचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भाग आज पाहावयास मिळतात, बाकीचे गेले. १९७९ साली ह्याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला, तो आहे. आणि येथे एक विचित्र गोष्ट घडते. आमचे जुने सोबती भेटले की वाद होतो. एक म्हणतो अमुक प्रसंग मालिकेतला. दुसरा शपथेवर सांगतो की तो चित्रपटातला. ज्याची प्रत उरली ते ज्याची प्रत उरली नाही त्याच्या जागी हळूहळू जाऊन बसते. ह्या वादाचा निकाल कोणी द्यावा? साक्षीदार सारे म्हातारे आणि कागदपत्र नाही!

हे भाग गेले कसे? कोणी दुष्टपणाने जाळले नाहीत. त्या काळची चित्रफीत परदेशाहून आणावी लागे. ती महाग होती आणि परकीय चलनाची चणचण होती. एकाच फितीवर पुन्हा पुन्हा मुद्रण करता येई, हाच तिचा मोठा गुण मानला जाई. कार्यक्रम दाखवून झाला की फीत पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी घ्यावयाची, हा काटकसरीचा व्यवहार होता. फिती ठेवावयाच्या तर थंड, कोरडी जागा हवी, नोंदी करणारा माणूस हवा. शिवाय दूरदर्शन हे मुळात आकाशवाणीचे अंग होते. १ एप्रिल १९७६ रोजी ते वेगळे झाले. आकाशात सोडलेला शब्द विरून जायचाच, ही त्या घरची जुनी समजूत असल्यास नवल नाही. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसे हे झाले. फरक इतकाच, की पाटीवरचे बेरीज-वजाबाकीचे गणित पुन्हा मांडता येते.

यात एक दैवाची थट्टाही आहे. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि बडोदे संस्थानचे राजदफ्तरदार होते. जुने कागद झटकून, बांधून, त्यांवर चिठ्ठी लावून पुढच्या पिढीसाठी ठेवणे हा त्या गृहस्थांचा पोटाचा धंदा. त्यांचाच चिमणराव दफ्तरात न राहता उडून जावा!

हा दोष आपल्या देशाचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. विलायतेत बीबीसीवर १ जानेवारी १९६४ पासून 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाचा गाण्यांचा कार्यक्रम चाले. १९७० च्या सुमारास तेथे 'ग्लॅम रॉक' नावाची लाट आली. चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, रंगवलेले चेहरे असा तो सारा थाट; म्हणजे कान आणि डोळे दोघांचेही ते गाणे. तबकडीत आवाज राहतो. पण थाट राहायचा तर चित्रच हवे. बीबीसीने पहिल्या दहा-बारा वर्षांतील त्या फिती बहुतांशी पुसून टाकल्या. डेव्हिड बोवी याने जानेवारी १९७३ मध्ये तेथे 'द जीन जीनी' हे गाणे सादर केले होते, तेही गेले असेच सारे समजत होते. पण छायाचित्रण करणाऱ्या जॉन हेन्शॉल यांनी स्वतःपुरती एक प्रत करून घरी ठेवली होती. ती डिसेंबर २०११ मध्ये पुन्हा जगाला दिसली. अडतीस वर्षे एका माणसाच्या कपाटाने जे सांभाळले ते एवढ्या मोठ्या संस्थेला सांभाळता आले नव्हते. श्रोतेहो, हे कपाट लक्षात ठेवा.

आपल्याकडे मूकपटांचीही हीच कथा. हजाराहून अधिक मूकपट ह्या देशात निघाले. त्यांतले उरले ते मूठभर. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', शेतकऱ्याच्या कर्जाची कथा, आपल्या मराठवाड्याने तर डोक्यावर घ्यावी अशी. तो मूकपट आज नाही. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' नाही. जुन्या फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी त्या विकल्या, हेही घडले. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता.

आता कोणी म्हणेल, "अहो, गेले ते गेले. आपल्या संतांनी काय फिती ठेवल्या होत्या? कीर्तन चालूच आहे ना?" हा प्रश्न औशात तर विचारला जाणारच. आपल्या नाथ संस्थानचे चक्री भजन पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. कोणत्या यंत्रात ते साठवले होते? प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तरही त्याच भजनात आहे. चक्री भजन टिकले, कारण ते पुन्हा पुन्हा होते. बापाच्या पावलावर मुलगा पाऊल टाकतो, टाळ एका हातातून दुसऱ्या हातात जातो. जे परत परत करावयाचे असते त्याला माणूसच दफ्तर असतो. पण प्रभावळकरांनी एका विशिष्ट संध्याकाळी घेतलेला तो एक थांबा पुन्हा कोणी करावयाचा? त्याला परंपरा नाही. त्याला फळीच हवी. म्हणून जे एकदाच घडते ते जपण्याची निकड, जे नित्य घडते त्याहून जास्त असते. आमच्या ओट्यावरच्या नकलांनी मालिकेचा आनंद वर्षभर पुरवला. पण त्या नकला करणारेही आता एकेक करून निघाले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द बाळ कर्वे गेले.

बंधुभगिनींनो, वस्तू जाणे म्हणजे काय हे ह्या तालुक्याला बाहेरच्याने शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्यातून माणसे काढून झाल्यावर मागे राहिलेले काय शोधत होते? धान्य, दागिने शोधत होते हे खरे; पण भिंतीवरची तसबीर, लग्नातला फोटो हेही शोधत होते. ज्याला आईचा एकही फोटो मिळाला नाही त्याचे दुःख निराळेच असते. तेथे धरणीने नेले; तिच्यापुढे इलाज नव्हता. पण जे धरणीने ठेवले ते आपल्या हयगयीने जाऊ द्यावयाचे काय?

आता मूळ मुद्दा. १९८० नंतर आपल्याकडे टेपरेकॉर्डर आले, मागाहून लग्नांत व्हिडिओवाले आले. आपल्या घरांत त्या काळच्या ध्वनिफिती आणि व्हिडिओ कॅसेटी आहेत. कोणाकडे गावच्या सप्ताहातले कीर्तन आहे, कोणाकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कोणाकडे १९९३ पूर्वीच्या एखाद्या लग्नाची कॅसेट आहे. त्या लग्नाच्या पंगतीत हसत बसलेली किती माणसे पुढे त्या पहाटे गेली असतील! ह्या फितींवरचा लोहकणांचा थर काळाने सुटतो; आपल्या उन्हाळ्याने तो लवकर सुटतो आणि पावसाळ्याने त्यावर बुरशी चढते. त्याहून वाईट म्हणजे ती लावायचे यंत्रच संपत आले आहे. व्हिडिओ कॅसेट चालवणारे यंत्र बनवणारा जगातला शेवटचा मोठा कारखाना, जपानचा फुनाई, २०१६ साली ते काम थांबवून बसला. म्हणजे उद्या फीत असेल आणि ती बोलणार नाही.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. घरातील कॅसेटी माळ्यावरच्या उष्ण जागेतून खाली आणाव्यात, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात. बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. प्रत्येकीवर कोणाचे, कोठले, कोणत्या साली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहावे, कारण चित्र उरले आणि नावे गेली तर तेही अर्धे जाणेच आहे. मग तिची संगणकीय प्रत करून घ्यावी आणि ती दोन निरनिराळ्या घरी ठेवावी. एकाच छपराखाली सारे ठेवू नये, हे आपल्याला सांगावयास नको. आपल्या गावच्या वाचनालयाने एक नोंदवही घालावी: कोणाकडे काय आहे एवढेच त्यात असावे. वस्तू घरातच राहो. नोंद गावाची असो. ह्याला फार पैसा लागत नाही. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना सुट्टीत हे काम दिले तर ती आनंदाने करतील, आणि आजोबांशी बोलण्याचे एक निमित्तही त्यांना मिळेल.

मुंबईची फीत पुसणाऱ्या त्या अनामिक नोकराला आम्ही नावे ठेवीत नाही. त्याला वरून आलेला हुकूम होता आणि पुढचा कार्यक्रम तोंडावर होता. त्याच्यापाशी ठेवायला जागा नव्हती, आपल्यापाशी आहे. एका हेन्शॉलच्या कपाटाने एक गाणे वाचवले. औशाच्या कपाटांत काय काय आहे ते आपण घरी जाऊन पाहावे, एवढेच मागणे आहे.