रक्त येतं, म्हणून ब्रश बंद!
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या जेवणाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला जेवणाआधीची दहा मिनिटं दिली आणि विषय दिला दातांचा. म्हणजे जिलेबी ताटात पडायच्या आधी तिची भीती घालायला मला उभं केलंय. घाबरू नका, जिलेबी मीही खाणार आहे.

आठवतं का, शनिवारी प्रार्थना झाली की बाई नखं आणि दात तपासायच्या? आपला नंबर यायच्या आत काही शहाणे दातांवर खडू घासून घ्यायचे. (नावं घेत नाही, पहिल्या रांगेत बसलेत.) घरी तेव्हा राखुंडी, मीठ, नाहीतर कोळसा. त्याने दात पांढरे दिसायचे, कारण खरखरीत पूड डाग खरवडून काढते. पण डागाबरोबर दातावरचं कठीण कवचही झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. गार पाणी प्यायल्यावर आज ज्यांना कळ येते, त्यांच्यापैकी काहींची ती जुनी उधारी आहे.

आता दवाखान्यात मी रोज ऐकते ते वाक्य. "डॉक्टर, ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून तिथे घासायचंच सोडलं." इथेच सगळं उलटं होतं. दाताच्या मुळाशी चिकट थर साचतो, त्यात जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं. आपण घासणं थांबवलं की थर आणखी वाढतो, कडक होऊन त्याचं कीटण बनतं. उलट मऊ ब्रशने, हलक्या हाताने, नेमकं तिथेच नीट घासलं तर साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर दाखवायचं. कीटण घरच्या ब्रशने निघत नाही.

दुर्लक्ष केलं तर खालचं हाड हळूहळू खचतं. बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्यातली लबाडी. मग एक दिवस दात हलतो आणि आपण म्हणतो, वय झालं. नुसत्या वयाने दात पडत नाहीत हो! आणि मशीनने दात साफ केल्यावर फटी पडल्या, दात हलायला लागले, ही तक्रार तर मला पाठ आहे. फट आधीच पडलेली असते, कीटणाने ती लिंपलेली असते एवढंच.

वरची दाढ काढली की नजर जाते, हेही खोटं. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. लवंग ठेवून दाढ थांबली तर कीड थांबली असं समजू नका. ठणका आपोआप गेला, तर कधीकधी आतली नस मेलेली असते. आपल्यातल्या मधुमेहवाल्यांनी मात्र कान देऊन ऐका. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते, तोंडाची राखण करायला कोणी नसतं. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतल्यासारखी लांबलचक नको.

शेवटचं सांगते, ते जरा अवघड आहे. माझी आई मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड. तिने दात घट्ट होतात आणि पोट साफ होतं, असं तिचं ठाम मत. मी डॉक्टर झाले, लोकांना मशेरी सोडायला सांगू लागले, आणि घरी तिच्या हातातली डबी बघून गप्प बसले. आईला कोण शिकवणार? तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलं, आईच्या तोंडात एकदाही बघितलं नाही. शेवटी कवळीचं माप घ्यायला तिला खुर्चीत बसवलं, तेव्हा खालच्या ओठाच्या आत, नेमकी मशेरी दाबायची त्या जागी, पांढरा चट्टा दिसला. पुसून जात नव्हता. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला लागले ते दिवस मी कसे काढले, ते इथे सांगत नाही.

कॅन्सर नव्हता. पण असा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम कोणाच्याही तोंडात दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. मी जसा वेळ घालवला, तसा घालवू नका.

रिपोर्ट आला त्या दिवशी आईने डबी स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली. आता ती ८१ वर्षांची आहे. सकाळी सवयीने अजून रिकामं बोट हिरडीवरून फिरवते आणि मी बघतेय का, ते हळूच बघते.