गल्लीची आठवण आणि घराचा कागद

(भांडगाव, तालुका दौंड, येथील बौद्ध वस्तीत दिलेले व्याख्यान)



आपल्या वस्तीतील कोणाही वृद्धाशी बोलावयास बसा. थोड्याच वेळात त्यांचे बोलणे घरांकडे वळते. येथे छप्पर होते, तेथे तक्क्या होता, पलीकडे मरीआईचा दगड होता, आणि ही वाट थेट वेशीपर्यंत जात असे. तरुण मंडळी हे ऐकतात आणि उठून जातात. वकिलीच्या धंद्यात राहून माझे मत असे झाले आहे की, याहून मोलाचा दस्तऐवज आपल्या समाजाजवळ दुसरा नाही. आणि तो आपण दरसाल थोडाथोडा स्मशानात पोचवीत आहोत.

जुन्या गावाची रचना आठवा. गावठाणाला पांढरी म्हणत व शेतीला काळी. पांढरीच्या कडेला, वेशीबाहेर, बहुधा पूर्वेस आमची घरे. वारा पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा आमच्या अंगावरून गेलेला वाराही गावाला लागू नये, एवढी दक्षता! येसकराची पाळी, सरकारी टपाल पोचविणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे वतनाची, आणि राहण्याची जागाही त्याच वतनाच्या पोटात. ती कोणी विकत घेतली नव्हती. तिचे खरेदीखत नव्हते. चाकरी हाच तिचा कागद.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते तडीस गेले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली आणि हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत मिळण्याची सोय झाली. शेताला सात-बारा होता, म्हणून तेथे निदान भांडावयास जागा राहिली. घराच्या जागेचे काय? गावठाणातील घराला सात-बारा नसतो. मोजणीच झाली नाही अशा गावांत ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच आधार. आणि तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

घरे मात्र कागदासाठी थांबली नाहीत. मातीच्या भेंड्यांच्या भिंती आणि पाचटाचे छप्पर गेले, पत्रा आला, मग विटा, मग स्लॅब. काहींनी पोटाला चिमटा घेऊन बांधले, काहींना रमाई घरकुलाचे साहाय्य झाले. गल्लीत काँक्रीट पडले. त्यावर पुन्हा काँक्रीट पडले. आता कित्येक ठिकाणी रस्ता वर आणि उंबरा खाली झाला असून पहिल्या पावसाचे पाणी सरळ चुलीपर्यंत येते. विकासाची ही तऱ्हा कंत्राटदाराला सोयीची आहे, एवढेच म्हणतो.

खरा पालट भिंतींच्या आत झाला. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच पुणे जिल्ह्यात देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. आणि खेड्यापाड्यांतील देव्हारे रिकामे झाले. आजच्या महाराष्ट्राच्या भूप्रदेशात १९५१ च्या शिरगणतीत बौद्ध अवघे अडीच हजार होते. १९६१ साली ते सुमारे २८ लाख झाले. माणसाने आपला धर्म स्वतः सांगितला आणि शिरगणतीने तो लिहून घेतला. परंतु ज्या गल्लीत तो राहत होता तिचे नाव सरकारी दप्तरात जातीचेच राहिले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्यशासनाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. दीक्षेनंतर चौसष्ट वर्षांनी!

नवी पाटी लावा, अवश्य लावा. परंतु जुन्या कागदांवर शाई फिरवू नका. शेजारच्या कोणाच्या खरेदीखतात चतुःसीमा सांगताना ‘पूर्वेस महारवाडा’ असे लिहिलेले असेल, तर तो शब्द झोंबतो हे खरे. तथापि आपली वस्ती त्या तारखेस त्या जागी होती, याचा तो प्रतिपक्षानेच दिलेला कबुलीजबाब आहे. त्याची प्रमाणित नक्कल काढून ठेवा.

हे आजच सांगण्याचे कारण असे. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावोगावची गावठाणे मोजली जात आहेत. ड्रोनला छप्पर दिसते. ते कोणाचे हे दिसत नाही. ते चौकशीत ठरते. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या गावांत जमिनीचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो. तेव्हा त्या चौकशीच्या दिवशी कोण हजर राहील आणि कोण राहणार नाही, याचा अंदाज तुम्हीच करा.

अशा वेळी वृद्धांची आठवण कामी येते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगणाऱ्याची तोंडी साक्ष कायद्याला मान्य आहे. इतकेच नव्हे, सार्वजनिक हक्क अथवा वहिवाट यांविषयी जाणत्या माणसाने वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले कथन त्याच्या मृत्यूनंतरही ग्राह्य धरता येते. ही तरतूद जुन्या साक्षीपुरावा कायद्यात होती, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ‘वाद उत्पन्न होण्यापूर्वी’ हे शब्द ध्यानात ठेवा. भांडण लागल्यावर आजोबांना उठवून काय उपयोग?

म्हणून तीन-चार वयोवृद्ध स्त्रीपुरुषांना एकत्र बसवा. स्त्रिया मुद्दाम म्हणतो. पाण्याची वाट, सांडपाण्याचा उतार आणि कोणाचे अंगण कोठवर होते हे त्यांना अधिक ठाऊक असते. मोठ्या कागदावर घरांचा क्रम काढा: येथे कोण राहत होते, मागे कोण आले, कोण मुंबईच्या गिरणीत, खडकीच्या कारखान्यात अथवा दौंडच्या रेल्वेत गेले आणि घर कोणाच्या ताब्यात ठेवून गेले. तारीख घाला, सह्या-अंगठे घ्या. बंद घर म्हणजे सोडलेले घर नव्हे. भावकीतील अर्धे तंटे या एका गोष्टीवरून होतात, हे मी रोज पाहतो. आणि बहिणींना वगळू नका. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे; ते नाव आपल्याला रुचो न रुचो, त्यातील कन्येचा हक्क आपल्या लेकींचाही आहे. नमुना आठवर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्या.

आता विहाराविषयी. अनेक गावांत जुन्या तक्क्याच्या जागी समाजमंदिर झाले आणि त्यात बुद्धमूर्ती बसली. इमारत निधीतून झाली, जागा परंपरेने आपली, आणि कागद कोणाच्याच नावे नाही. मोजणी अधिकारी तेथे पोचला म्हणजे ‘ग्रामपंचायत’ असे लिहून पुढे जाईल आणि आपण वंदना चालू आहे तोवर समाधान मानू. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवून घ्या, आणि चौकशीची नोटीस लागेल त्या दिवशी न्यासाचा लेखी अर्ज तक्क्याच्या हकिकतीसह दाखल करा. त्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.