घडीच्या सायकलीची हत्यारांची पिशवी

ग्वाल्हेर स्थानकावर उतरायचं, घडीची सायकल उघडायची आणि पडाववरून फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीकडे निघायचं, हा बेत सुरेख. पण सोबत हत्यारांची छोटी पिशवी हवीच.

आधी ट्यूब. या सायकलींची लहान चाकं मापात फसवतात. वीस इंची चाकातच 406 आणि 451 मिलिमीटर असे दोन प्रकार असतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवरचा आकडा आणि वॉल्व्हचा प्रकार पाहूनच जादा ट्यूब घ्या. रस्त्यावरच्या दुकानात ती मिळेलच असं नाही.

सोबत दोन टायर लिव्हर, पॅच, पॉलिश पेपर, सोल्यूशन आणि हातपंप ठेवा. एकदा उघडलेलं सोल्यूशन वाळतं, इथल्या उन्हाळ्यात तर लवकरच. म्हणून ते अधूनमधून तपासा.

चाकाला नट असेल, तर त्याच मापाचा पाना लागेल. बहुतेक वेळा तो 15 मिलिमीटरचा असतो. सीट, हँडल आणि ब्रेकसाठी 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की पुरतात. बिजागरीची पकड मात्र दरवेळी निघण्यापूर्वी तपासा, कारण सगळा भार तिच्यावर असतो.

शेवटचं सांगणं: घरीच एकदा मागचं चाक काढून पुन्हा बसवा. पिशवीत काय कमी आहे, ते तेव्हाच कळेल.