कोनशिला कुणाची, शहर कुणाचे?



मघाशी या व्यासपीठावरून सांगितले गेले, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा नेत्यांनी घडवला. या सभेचा अध्यक्ष म्हणून माझा त्याला साफ विरोध आहे आणि तो मी याच व्यासपीठावरून नोंदवतो.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कल्याण कॅम्पात आले, कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. महायुद्धातल्या लष्करी बराकी फाळणीच्या निर्वासितांना देण्याचा निर्णय सरकारचा. त्याचे श्रेय सरकारला चोख द्या, त्यात कंजुषी नको. पण पुढे काय? सिंधमधून उखडलेल्या सुमारे लाखभर माणसांनी त्या लांबलचक बराकींत गोणपाटाचे पडदे टांगून संसार मांडले. पलीकडच्या बिऱ्हाडातला खोकला अलीकडे ऐकू यायचा. बायकांनी पापड लाटले, पोरांनी लोकलच्या डब्यांतून गोळ्या-बिस्किटे विकली. त्यातूनच फर्निचरचा, कापडाचा, जीन्सचा बाजार उभा राहिला. हे कोणत्या राष्ट्रप्रमुखाच्या हुकमाने झाले?

देशाच्या पातळीवरही हाच अन्याय चालतो. २००५ साली रोजगार हमीचा कायदा देशभर झाला. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, दिल्लीने श्रेय वाटून घेतले. पण ही कल्पना महाराष्ट्राचे वि. स. पागे यांची. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्राने ती अमलात आणली, आणि भर उन्हात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या बायाबापड्यांनी ती खरी करून दाखवली. सही करणाऱ्याला सहीपुरते श्रेय मिळावे. निर्णय घेऊन तिजोरी उघडणाऱ्याला तेवढे जास्त. त्यापलीकडचे श्रेय घेणे म्हणजे दुसऱ्याची मजुरी खिशात घालणे.

आणि श्रेय घ्यायचेच तर सगळे घ्या, बिघडलेल्याचेही! अंबरनाथच्या शिवमंदिरात १०६० सालचा शिलालेख आहे. मंदिराला लागूनच वालधुनी वाहते. ही नदी उल्हासनगरातून पुढे जाते तेव्हा तिच्यात कारखान्यांची रसायने असतात, जीन्स धुतल्याचा रंग असतो. रस्त्याच्या दर वळणावर ज्यांची नावे झळकतात, त्यांच्यापैकी एकाने तरी या काठावर ‘माझ्या कार्यकाळात’ अशी पाटी लावली आहे काय?

लेखकमित्रांनो, तुमच्यावर माझा राग अधिक आहे. स्मरणिका काढता आणि पहिली पाने मान्यवरांच्या शुभेच्छांना देता. बराकीत वाढलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्याच शेजारी राहतात, घरात सिंधी बोलतात, बाजारात आपल्याशी मराठी बोलतात. त्यांच्या आठवणी मराठीत कितीशा उतरल्या? वही घेऊन त्यांच्या दारी जा. त्या पडद्यांविषयी, शिध्याच्या रांगेविषयी, पहिल्या दुकानाविषयी विचारा आणि ऐकाल तसे लिहा. पुढच्या स्मरणिकेची पहिली पाने त्यांना द्या. शुभेच्छांची पत्रे आली तर शेवटी छापा, जागा उरली तर.