'पुट ऑफ' म्हणजे रद्द नव्हे!

हेडफोन लावलेत ना? आज एकच क्रियापद, 'पुट ऑफ'. याच्या पायी माझ्या मामेभावाची नोकरी हुकली.

त्याला फोन आला, "द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ." त्याला वाटलं, झालं, रद्द! समोरची बाई फाडफाड इंग्रजी बोलतेय, परत विचारायची लाज. "ओके मॅडम" म्हणाला आणि गावची एसटी पकडली. मुलाखत फक्त चार दिवस पुढे गेली होती. नवी तारीख ईमेलवर होती, ती त्याने पाहिली आठवड्याने.

तर 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. रद्द करणं म्हणजे 'कॉल ऑफ'. 2020 आठवा. टोकियो ऑलिम्पिक 'पुट ऑफ' झालं, म्हणून 2021 मध्ये नीरज चोप्राचा भाला तिथे सोन्यावर पडला. त्याच 2020 चं विम्बल्डन मात्र 'कॉल ऑफ'. त्या वर्षीची स्पर्धा झालीच नाही.

आळशी माणसाला तर हा शब्द रोज लागतो. (मला लागतो!) "आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट." इथे 'टु गो' नाही, 'गोइंग'. आणि 'इट' आलं की ते मध्ये बसतं: "पुट इट ऑफ". "पुट ऑफ इट" म्हणू नका.

दुसरा अर्थ, मन उडणं. "द स्मेल पुट मी ऑफ माय फूड." वास असा की जेवणावरची वासनाच उडाली. आणि तुम्ही बॅटिंग करताय, मागून मित्राची बडबड चालू आहे, तर म्हणा, "डोन्ट पुट मी ऑफ!" लक्ष घालवू नकोस रे.

आता घरोघरी ऐकू येणारं "पुट ऑफ द लाइट". आपल्याकडे चालतं, पण जुन्या वळणाचं आहे. 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हटलं की कुठेही चालेल. चपला मात्र कधीच 'पुट ऑफ' करायच्या नाहीत, त्या 'टेक ऑफ'.

फोनवर 'पुट ऑफ' ऐकलंत की लगेच विचारा, "इज देअर अ न्यू डेट?" मामेभावाने हे वाक्य मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. सोमवारी त्याची दुसरीकडे मुलाखत आहे. अजून तरी पुढे गेलेली नाही.